सूडाची गोष्ट मध्येच का ढेपाळते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझी पहिलीच पटकथा, 118 पानांची. नायक माजी सैनिक. त्याच्या धाकट्या भावाचा खून होतो, त्यात सहा जणांचा हात असतो. नायक भावाच्याच बाईकवरून फिरत सहाही जणांना एकेक करून संपवतो. सहावा निघतो त्याचा स्वतःचा जुना वरिष्ठ, हा ट्विस्ट. तीन मित्रांना वाचायला दिली. तिघंही म्हणाले, सुरुवात जबरदस्त आहे, पण मध्ये ढेपाळते. भावाचा खून आणखी क्रूर करू का? ॲक्शन वाढवू? की ट्विस्टच कमी पडतोय?"

तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. पण तेवढं सांगून थांबले तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगायला हवं. मी लेखिका नाही, संकलक आहे. वीसेक वर्षं झाली. त्यातले बरेच सिनेमे मारधाडीचे आणि त्यातले निम्मे तरी सूडाचे. लेखकाला साठाव्या पानावर जे खटकत नाही, ते शूटिंग आटोपल्यावर माझ्या टेबलावर येऊन पडतं, आणि तेव्हा दुरुस्तीला हातात फक्त कात्री उरलेली असते. तेव्हा हे कात्रीवालीचं मत आहे असं समजून वाचा.

शिवाय बरंच काही तुम्हाला कोणता सिनेमा करायचाय यावर अवलंबून आहे. लोक मुख्यतः मारामाऱ्या बघायला येतात त्या सिनेमात नायकाच्या मनातली उलघाल दोन-चार नजरांत आटपावी लागते. सूड घेता घेता नायकच बरबाद होतो त्या सिनेमात ती उलघाल म्हणजेच गोष्ट. तुमची पटकथा मला पहिल्या जातीची, थोडी दुसरीकडे झुकलेली वाटते. वेब सिरीज असती तर सहा माणसं या आकड्याबद्दलही मी वेगळं बोलले असते.

आता मूळ दुखणं. मित्रांना 'ढेपाळते म्हणजे नेमकी कोणत्या पानावर' असं विचारलंत का? माझा अंदाज सांगते: दुसरा माणूस मेल्यानंतर. कारण तोवर वाचकाला कळून चुकलेलं असतं की हा सहाही मारणार. पुढे उरते ती मोजदाद. इतर थरारपटांत 'आता काय होणार' या प्रश्नावर दोन तास काढता येतात. सूडपटात तो प्रश्न पहिल्या वीस मिनिटांतच निकालात निघालेला असतो, नायक सूड घेणार हे पोस्टरवरच लिहिलेलं असतं. मग ताण धरायला दोनच जागा राहतात. हे व्हावं असं मला, प्रेक्षकाला, किती मनापासून वाटतंय? आणि ते होताना या माणसाचं काय होत चाललंय? तुमच्या पटकथेत पहिली जागा अर्धी भरलेली दिसते आणि दुसरी जवळजवळ रिकामी. रक्त वाढवून यातली एकही भरणार नाही.

पहिल्या जागेबद्दल एक अनुभव सांगते. एका सिनेमात नायकाच्या बायकोचा खून होता. (बायकोला मारून नवऱ्याला पेटवायचं ही सूडपटांची सगळ्यात आळशी खोड आहे हे मान्य, पण सिनेमा माझ्याकडे आला तेव्हा ती मेलेलीच होती.) खुनाचा प्रसंग चार मिनिटांचा. किंकाळ्या, रक्त, स्लो मोशन, वर व्हायोलिन. बाहेरच्या दहाबारा लोकांना बोलावून कच्चं संकलन दाखवलं तर प्रसंग चालू असताना लोक मान फिरवत होते, आणि पुढे नायक पेटून उठला तेव्हा सगळे थंड. त्यांना किळस आली होती, राग आला नव्हता. किळस आलेला माणूस पडद्यापासून मागे सरतो आणि चिडलेला पुढे येऊन बसतो. चित्रीकरण करताना या दोन्हींची गल्लत फार सहज होते, कारण दोन्हींत सेटवर शांतता पसरते.

मी रश, म्हणजे शूटिंगचं सगळं कच्चं चित्रण, पुन्हा चाळल्या. वेगळ्याच एका प्रसंगाच्या टाकून दिलेल्या टेकमध्ये, 'ॲक्शन' म्हणायच्या आधी, त्या अभिनेत्रीने नायकाचं घड्याळ काढून घेतलं होतं, काटा पाच मिनिटं पुढे केला होता आणि ते परत त्याच्या मनगटावर बांधलं होतं. 'तू नेहमी उशिरा येतोस' हे वाक्य संवादांत होतंच, ते तिने असं खेळून बघितलं असणार. शॉट जेमतेम साडेपाच सेकंदांचा. तो आत घातला. खून चाळीस सेकंदांवर आणला, वार दाराआड, आपल्याला फक्त आवाज. घड्याळ पुढच्या सगळ्या प्रसंगांत नायकाच्या हातात होतंच. दिग्दर्शकाकडून एक क्लोज-अप तेवढा मागून घेतला: समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाशी त्याचं घड्याळ जुळत नाही, तो किल्लीकडे बोट नेतो आणि काटा तसाच राहू देतो. पुढच्या वेळी तोच सिनेमा दाखवला तेव्हा लोकांची पाठ खुर्चीला टेकत नव्हती.

माणूस गेला हे प्रेक्षकाला कळतं, पण लागत नाही. त्या माणसाबरोबर गेलेली सवय लागते. 2014 च्या 'जॉन विक'ची थट्टा होते, की एका कुत्र्यापायी एवढे मुडदे पाडले. पण ते पिल्लू त्याच्या वारलेल्या बायकोने, आपल्या मागे याला जीव लावायला कुणीतरी असावं म्हणून, धाडलेलं असतं. मारणाऱ्या पोराला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याच्या लेखी एक कुत्रं मेलं आणि एक झकास गाडी मिळाली. घेणाऱ्याला आपण काय घेतलं याचा पत्ताच नसतो, आणि आपल्याला तो असतो. या तफावतीतून प्रेक्षकाचा राग तयार होतो. खलनायक राक्षसासारखा हसला म्हणून तो होत नाही.

तुमच्या प्रश्नात मला एकच गोष्ट जिवंत वाटली, ती म्हणजे बाईक. तुम्ही ती एका शब्दात उरकली आहे. तो भावाच्याच बाईकवरून का फिरतो? त्याच्याकडे दुसरं वाहन नाही म्हणून, की आणखी काही? समजा असं केलं: बाईकचं सेल्फ स्टार्ट बंद आहे, किक मारावी लागते, आणि तिसऱ्या किकशिवाय ती कधी सुरूच होत नाही. दुरुस्त करून घे म्हणून मोठा मागे लागलेला, धाकटा ऐकत नाही. एके दिवशी दोघांची जुंपते आणि मोठा रागाने किल्ली काढून घेतो. त्या रात्री धाकटा पायी घरी येत असतो, म्हणून तो त्या सहा जणांच्या तावडीत सापडतो. आता पुढची सगळी पानं नायक ज्या बाईकवर बसलाय ती बघा. त्याने हे कुणालाही सांगायची गरज नाही. यादीत सहा नावं आहेत, सातवं तो कागदावर लिहीत नाही, एवढं प्रेक्षकाला उमगलं की त्याच्या प्रत्येक ठोशाला आपोआप दुसरा अर्थ येतो. जखमेत नायकाचाही थोडा हात असला की ती भरत नाही. आणि लेखकाला भरणारी जखम परवडत नाही.

'पोलिसांकडे का जात नाही' हा प्रश्न प्रेक्षक एकदाच विचारतो, त्याला एकदाच उत्तर द्या आणि पुढे चला. फक्त ढेरपोट्या भ्रष्ट अधिकाऱ्याची मदत घेऊ नका. सरळमार्गी अधिकारी कागद पुढ्यात ठेवून 'एवढ्यावर कुणी टिकत नाही' म्हणाला तर जास्त झोंबतं.

आता मध्याबद्दल, कारण तुमचं खरं घोडं इथेच अडलंय. मी संकलनात एक चाचणी घेते. दुसरा खून आणि चौथा खून टाइमलाइनवर अदलाबदल करून सलग बघते. कपडे आणि दाढी सोडली तर काही बिघडलं नाही, असं झालं की समजते की यातला एक प्रसंग फुकटचा आहे. तुम्ही कागदावरच करून पाहा. दुसरा माणूस चौथ्या जागी टाका. चौथ्याच्या प्रसंगातली किती वाक्यं बदलावी लागली? फक्त नाव बदलून भागत असेल तर तुमच्याकडे सहा प्रसंग नाहीत, एक प्रसंग सहा वेळा लिहिलेला आहे.

प्रत्येक खुनाने पुढच्या खुनाची अट बदलायला हवी. कधी नायकाला नवं काही कळतं आणि आधी मारलेल्याबद्दल शंका येते. कधी त्याची ताकद घटते: हात जायबंदी होतो, लपायची जागा जाते, मदत करणारा मित्र पाठ फिरवतो. आणि कधी त्याची इच्छाच डळमळते, किंवा त्याहून वाईट म्हणजे तो सरावतो. तुमच्या सहांपैकी एकजण नायक पोचायच्या आधीच आजाराने मेलेला असू द्या. नायक दारात उभा आहे, खिशात हत्यार आहे आणि आत सुतक आहे. त्या रागाचं तो काय करेल? दुसरा एखादा इतका पश्चात्तापाने खंगलेला असू द्या की मरण हीच त्याला मेहेरबानी वाटेल. असे दोन अडथळे आले की उरलेले चार लिहायला मोकळे होतात. माझं मत विचाराल तर उरलेल्या चारांतलाही एक काढून टाका.

याचा सगळ्यात कठोर नमुना आपल्या डोळ्यांसमोर लहानपणापासून आहे. महाभारतात द्रोणाचार्य शस्त्र खाली ठेवून बसलेले असताना धृष्टद्युम्न त्यांचं मस्तक उडवतो. अश्वत्थाम्याचा राग अगदी रास्त आहे, ऐकणारा त्याच्या बाजूने उभा राहू शकतो. मग तो रात्री छावणीत शिरतो. झोपेतून ओढून काढलेला धृष्टद्युम्न त्याला विनवतो की मला निदान शस्त्राने मार. अश्वत्थामा त्याला लाथांनी तुडवून मारतो. हिशेब तिथे पुरा झाला होता. पण तो थांबत नाही. ज्यांचा द्रोणांच्या मृत्यूशी काही संबंध नव्हता ती द्रौपदीची पाच मुलं त्याच रात्री मारली जातात आणि पुढे त्याचं अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जातं. ऐकणारा कोणत्या क्षणी त्याच्या बाजूने उठून पलीकडे जाऊन बसला? बहुतेकांचं उत्तर त्या लाथेपाशी कुठेतरी येतं. तुमच्या पटकथेत ही लाथ कुठे आहे ते शोधा. नायकाला तिथून परत आणायचं की पुढे जाऊ द्यायचं हा तुमचा निर्णय, पण ती जागा पाहिजेच, आणि माझ्या हिशेबाने ती साधारण मध्यावर पाहिजे.

मध्य ढेपाळायचं आणखी एक कारण म्हणजे खलनायक पुतळ्यासारखे आपापल्या जागी उभे राहून मरणाची वाट बघत असतात. दोन माणसं मेल्यावर उरलेल्या चौघांना बातमी कळत नाही का? ते एकमेकांना फोन करणार, एक पळणार, एक दुसऱ्याला विकायला तयार होणार, आणि जो सगळ्यात हुशार आहे तो उलटा डाव टाकणार. शिकारीची झुंज झाली पाहिजे. एका सिनेमात मी फक्त एवढंच केलं होतं, की दुसऱ्या खुनानंतर लगेच खलनायकाचा शांतपणे मोबाइल बंद करून सिम काढतानाचा शॉट लावला. मूळ पटकथेत तो बराच नंतर होता. त्या एका शॉटने पुढची पंचवीस मिनिटं उचलून धरली, कारण आता समोरूनही कुणीतरी विचार करतंय हे दिसत होतं.

ॲक्शनबद्दल. ती वाढवू नका, वेगळी करा. फाइट मास्टर लोक फार गुणी असतात, त्यांना पटकथेत फक्त 'येथे जबरदस्त मारामारी' असं लिहून दिलं तर ते जबरदस्त मारामारी देतात. मग माझ्याकडे सहा जबरदस्त मारामाऱ्या येतात आणि सहाही एकसारख्या. लेखकाने ठोसे लिहायचे नसतात. जागा लिहायची, अडचण लिहायची आणि या मारामारीत नेमकं काय पणाला लागलंय ते लिहायचं. अरुंद जिना आहे आणि खाली मूल झोपलंय, म्हणून आवाज होता कामा नये. एवढं लिहा, बाकी ते बघतील.

एका सेकंदात चोवीस फ्रेम असतात. ठोसा लागतोय असं भासवायला मी संपर्काच्या आसपासच्या दोनतीन फ्रेम उडवते आणि डोळा बाकीचं स्वतः भरून घेतो. पण प्रत्येक ठोशाला अशी कात्री लावावी लागली तर समजावं की कुठेतरी काहीतरी झाकलं जातंय. 2003 च्या 'ओल्डबॉय'मधली बोळातली मारामारी म्हणूनच अभ्यासायला चांगली. कॅमेरा बाजूने सरकत राहतो, एकच शॉट, मध्ये कट नाही. त्यात लक्षात राहतो तो नायकाचा थकवा. तो धापा टाकतो, पाठीत सुरा रुतलेला असताना पुन्हा उठतो, मारणारेही दमून भिंतीला टेकतात. सूड हे अंगमेहनतीचं काम आहे हे तिथे दिसतं.

माझ्या एका सिनेमात सात मिनिटांची मारामारी आम्ही पावणेचारवर आणली. कुणालाही काही कमी झाल्याचं जाणवलं नाही. त्याच वेळी मारामारीनंतरचा एक सहा सेकंदांचा तुकडाही लांबी कमी करायच्या नादात गेला होता, ज्यात नायक मोडलेल्या बोटाने बुटाची नाडी बांधायचा प्रयत्न करतो आणि सोडून देतो. तो मात्र तिघांनी विचारला. 'आधी त्याचं बोट मोडलं होतं ना, मग पुढे तो ट्रिगर कसा ओढतो?' तुकडा परत घातला, आणि मग सगळ्यांना दिसलं की पुढच्या प्रसंगात तो डाव्या हाताने गोळी झाडतो. जखमेचा हिशेब ठेवा. तिसाव्या पानावर लागलेलं नव्वदाव्या पानावर दुखलं पाहिजे.

आता ट्विस्ट. जुना वरिष्ठ हाच सहावा, हे सरावलेला वाचक त्या वरिष्ठाने पहिल्यांदा नायकाच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हाच ओळखतो. हा दोष तुमचा नाही, खांद्यावर हात ठेवणाऱ्या वरिष्ठांनी ही वेळ आणली आहे. त्यामुळे लपवण्यात शक्ती घालवू नका. मध्यावरच प्रेक्षकाला सांगून टाका, नायकाला सांगू नका. मग नायक जेव्हा त्याच माणसाकडे आसऱ्याला जातो, त्याच्याकडून पट्टी बांधून घेतो, पुढच्या नावाचा पत्ता विचारतो, तेव्हा प्रत्येक साधं वाक्य धारदार होतं. शेवटच्या पाच मिनिटांत बसणाऱ्या एका धक्क्यापेक्षा चाळीस मिनिटं टिकणारी धास्ती मला केव्हाही चालेल. यावर मतभेद होऊ शकतात. दिग्दर्शकांशी माझे नेहमी होतात.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मध्य दुरुस्त केला की शेवट हलतोच. 1975 च्या 'शोले'चं उदाहरण आठवून बघा. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरच्या आग्रहामुळे तो बदलला, आणि तेव्हा प्रदर्शित झालेल्या सिनेमात ऐन वेळी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात. गोष्ट तीच, माणसं तीच, शेवटची काही मिनिटं वेगळी, आणि सगळ्या सूडाचा अर्थ फिरतो. एकात हात गमावलेला माणूस आपलं देणं स्वतः चुकतं करतो, दुसऱ्यात एकेकाळचा पोलीस अधिकारी ते कायद्याच्या हवाली करतो. तुमचा कोणता, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक हवं, कारण त्याची बी मध्यातल्या त्या लाथेपाशी पेरावी लागते.

शेवटच्या खुनानंतर लगेच संगीत लावायला सांगू नका, हे मी प्रत्येक दिग्दर्शकाला सांगते. मेलेल्यावरून कट करून मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थांबायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. चौथ्या-पाचव्या आकड्याला नटाच्या चेहऱ्यावरचा आवेश संपतो, आणि मग जे दिसतं ते पटकथेत क्वचितच लिहिलेलं असतं.

पुढचा ड्राफ्ट लिहायला बसाल तेव्हा खुनाच्या पानांना हात लावू नका. आधी दोघा भावांचं किल्लीवरचं भांडण लिहा, दोन पानं पुरेत. मग अदलाबदलीची चाचणी करा आणि नावं कमी करा. तुमच्या गोष्टीच्या शेवटी बहुधा तो बाईकवरून निघून जातो, कारण अशा गोष्टींत सगळेच जातात. जाऊ द्या, पण आधी त्याला किक मारायला लावा. पहिली. दुसरी. तिसऱ्या किकला ती सुरू होते का, आणि तो तिसरी मारतो का, ते मला वाचायचंय.